एमजीबी : कारखाना बंद पडूनही न संपलेली गाडी

१/
सप्टेंबर १९७९. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस, थेम्सकाठी वसलेल्या ॲबिंग्डन गावात एमजी मोटारींच्या कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव नुकताच पार पडला होता. उत्सव आटोपला आणि लगेच सोमवारी, १० सप्टेंबरला, मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने जाहीर केले की येथील मोटार-उत्पादन थांबवण्यात येणार आहे. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि कारखान्याला टाळे लागले.

२/
बहुतेक मोटारींची कहाणी इथे संपते. कारखाना बंद, मग सुटे भाग दुर्मीळ, मग गाड्या भंगारात. एमजीबीचे तसे झाले नाही. आज पंचेचाळीस वर्षांनंतर तिचे दार, बोनेट, ब्रेकची नळी, काचेभोवतीचे रबर, इतकेच काय, संपूर्ण पोलादी सांगाडासुद्धा नवा कोरा विकत मिळतो. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या साध्या घरगुती मोटारीचा दिव्याचा संच शोधताना नाकी नऊ येतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यातले नवल कळेल.

३/
आजचा थ्रेड या कोड्याविषयी आहे. तो जुनी स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच विकत घेणाऱ्याच्या नजरेने वाचावा, अशी विनंती. कारण त्याला इतिहास भेटतो तो गंज, तेलगळती आणि बोल्टला न बसणारे पाने यांच्या रूपाने. या गाडीच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्यामागे एक साल आहे. ते साल ठाऊक असेल तर गाडी निवडताही येते आणि सांभाळताही येते.

४/
थोडी पार्श्वभूमी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस या उद्योगपतीचा ऑक्सफर्डमधील विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय. १९२२ मध्ये सेसिल किंबर हे त्याचे व्यवस्थापक झाले. साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी, चपळ बॉडी चढवून विकण्याची कल्पना त्यांची. व्यवसाय वाढला आणि १९२९ मध्ये ॲबिंग्डनमधील चामड्याच्या जुन्या कारखान्याच्या आवारात त्याचे स्थलांतर झाले. पुढची पन्नास वर्षे तेच एमजीचे घर.

५/
एक गोष्ट आरंभापासून ध्यानात ठेवावी. ॲबिंग्डन हा जुळणीचा कारखाना होता. इंजिने, गिअरबॉक्स, पत्र्याच्या बॉडी हे सारे बाहेरून येई. तिथे ते जोडले जाई. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या दिमाखदार रूपाखाली सामान्य घरगुती मोटारींचेच अवयव असत. त्या काळी शर्यतीचे शौकीन याला नाके मुरडत. आजचा मालक मात्र त्याबद्दल कृतज्ञ असतो, कारण लाखोंनी बनलेला भाग मिळणे सोपे असते.

६/
आता हत्यारांच्या पेटीकडे वळू. नव्या मालकाची पहिली फजिती इथेच होते. एमजीबीच्या बहुतेक बोल्टांना मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश असे इंचाचे पाने लागतात. ते का, हे समजून घ्यायचे तर दोन युद्धे ओलांडून मागे जावे लागते.

७/
१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी बोल्टांच्या आट्यांचे एक प्रमाण मांडले आणि ब्रिटिश यंत्रोद्योग त्यावर चालू लागला. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्या कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना काढला, तोही स्वतःच्या मेट्रिक यंत्रांसह. युद्ध संपले, शस्त्रांची मागणी आटली, कारखाना मॉरिससाठी इंजिने बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकतच घेतला. आटे पाडणारी फ्रेंच यंत्रे बदलणे खर्चाचे होते. मग तोड निघाली : आटे मेट्रिक, पण बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे ब्रिटिश कामगाराचा पाना त्याला बसावा!

८/
हा विचित्र संकर पुढे अनेक वर्षे टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एमजी टीसी या गाडीच्या इंजिनातही तो आहे. १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेल्या सुमारे दहा हजार टीसींपैकी एखादी आज कोणी विकत घेतली आणि बाजारातला साधा बोल्ट त्यात घुसवला, तर आटे चिरडलेच म्हणून समजावे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच यंत्राचा हा परिणाम.

९/
एमजीबीच्या मालकाची यातून सुटका झाली ती दोन घटनांमुळे. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचा बोल्ट दुसऱ्या देशाच्या रणगाड्याला बसत नसल्याचा ताप सोसल्यावर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचे एकच प्रमाण मान्य केले. पुढे १९५२ मध्ये मॉरिसचा समूह आणि ऑस्टिन यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि एमजीच्या वाट्याला ऑस्टिनचे बी-सिरीज इंजिन आले. आटे नव्या प्रमाणाचे, पाने इंचाचे.

१०/
याच इंजिनापाशी आपला, भारतीयांचा, संबंध येतो. १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये १४८९ घनसेंटीमीटरचे बी-सिरीज इंजिन होते. तेच १४८९ चे इंजिन बंगालमधील उत्तरपाऱ्यात बनणाऱ्या ॲम्बॅसडरमध्ये आले आणि आपल्या रस्त्यांवर तीन दशके धावले. एमजीबीत ते वाढवून १७९८ घनसेंटीमीटरचे केले. सिलिंडरचा व्यास वाढला. पिस्टनची चाल मात्र दोन्हींत तीच, ८८.९ मिलिमीटर.

११/
त्यामुळे कलेक्टर कचेरीच्या पांढऱ्या ॲम्बॅसडरचे टॅपेट ज्याने आयुष्यभर जुळवले, अशा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीपुढे एमजीबीचे बोनेट उघडले, तर त्याला ओळख पटायला वेळ लागणार नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, वितरकाची जागा तीच, फीलर गेज सरकवण्याची रीत तीच. सरकारी वाहन आणि इंग्रज तरुणाची हौसेची गाडी ही एकाच घराण्यातली, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही.

१२/
सप्टेंबर १९६२ मध्ये एमजीबी अवतरली. मुख्य अभियंता सिड एनेव्हर, रूप डॉन हेटर यांचे. ९५ अश्वशक्ती, ताशी शंभर मैलांहून थोडा अधिक वेग, मूळ किंमत ६९० पौंड आणि कर धरून सुमारे ९५०. आधीच्या एमजीएला स्वतंत्र चॅसी होती. एमजीबीला ती नव्हती. पत्र्याची बॉडी हीच तिची चॅसी. वजन घटले, आत जागा वाढली. सारा प्रश्नही इथूनच सुरू झाला.

१३/
या बॉडीचा भार वाहतात दाराखालच्या दोन लांब पोकळ पेट्या. त्यांना सिल म्हणतात. गाडी उघडी असल्याने वरून छताचा आधार नाही. पुढचा भाग आणि मागचा भाग या दोन पेट्यांनीच एकमेकांशी बांधलेले. पेटी साधी नाही : बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंमध्ये उभी पडदी आणि खालून कॅसल रेल नावाची पट्टी. बाहेरून यातला एकच पत्रा दिसतो.

१४/
ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. चाकाने उडालेला खारट चिखल पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोनाड्यात साठतो, तिथून पेटीत झिरपतो आणि गंज आतून बाहेर येऊ लागतो. बाहेरच्या पत्र्यावर फोड दिसेपर्यंत मधली पडदी बहुधा गेलेली असते. म्हणून एमजीबी विकत घेण्यात इंजिनाला दुय्यम महत्त्व. इंजिन एका आठवड्यात उघडून बांधता येते. सिलचे काम हे गाडीच्या कण्याचे काम आहे.

१५/
विक्रेत्यांची जुनी चलाखी इथलीच. कुजलेल्या पेटीवर नवा बाहेरचा पत्रा चिकटवायचा, वर पुट्टी, वर रंग. गाडी झळाळते आणि आत काही उरलेले नसते. ते ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. दार आणि मागचे मडगार्ड यांच्यातील फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते पाहावे. वर ती आवळलेली असेल तर गाडी मध्यात खचली आहे. दाराखाली मडगार्ड आणि सिल यांच्यातील सांधे दिसतात की कोणी भरून गुळगुळीत केले आहेत? पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. पुट्टीवर ते चिकटत नाही.

१६/
शेवटची परीक्षा म्हणजे मालकाच्या परवानगीने गाडी एका बाजूने जॅकवर उचलून दार उघडून पाहणे. दार अडकले किंवा उचललेल्या बाजूची फट बदलली, तर नमस्कार करून निघावे. रंग कितीही मोहक असो.

१७/
पेटी बदलायची वेळ आलीच तर एक नियम पाळावा लागतो : जुना पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी कांब वेल्ड करून ती जखडायची आणि गाडी सपाट, सर्व बाजूंनी आधार देऊन ठेवायची. हे न करता कापलेल्या गाड्या वाकतात आणि मग तशाच वाकड्या अवस्थेत नव्या पत्र्याने कायमच्या बांधल्या जातात. आजही बाजारात त्या दिसतात. अशा गाडीचे दार आयुष्यभर आपटूनच लावावे लागते.

१८/
आता सालांकडे. एमजीबीचा गाडी क्रमांक शिलालेखासारखा वाचता येतो. ‘जीएचएन’ मधील जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ घनसेंटीमीटर गटातील इंजिन, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. बंद छताची जीटी असेल तर एनच्या जागी डी. पुढचा आकडा पिढी सांगतो : ३ म्हणजे १९६२ पासूनची पहिली, ४ म्हणजे १९६७ नंतरची, ५ म्हणजे त्याही नंतरची.

१९/
१९६४ च्या अखेरीपर्यंतच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन बेअरिंगचा आधार होता, त्यानंतर पाचचा. नवी रचना अधिक दणकट. १९६७ पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकू नये, हे न कळलेल्या पूर्वीच्या मालकांनी दातांचे काय केले आहे, ते गाडी चालवताना कानांना समजते.

२०/
१९६७ चेच आणखी एक वळण आहे, आणि ते नव्या मालकाला महागात पडू शकते. तोवरच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, म्हणजे आजच्या मोटारींच्या नेमके उलट. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे, गाडीच्या तळात. अशा गाडीत कोणी आजचा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर सरळ जोडला की तो जळालाच. बॅटरी उतरल्यावर शेजाऱ्याच्या गाडीवरून चालू करण्याआधीही दोनदा पाहावे. पूर्वीच्या कोणा मालकाने जोडणी उलटवून घेतलेली असण्याचा संभव असतो, म्हणून केवळ सालावर विसंबू नये.

२१/
दिवे, पंखा, इंडिकेटर हे सारे लुकास कंपनीचे. त्या कंपनीच्या संस्थापकाला इंग्रज मोटारशौकिनांनी विनोदाने अंधाराचा राजपुत्र ठरवले आहे. माझ्या मते हा विनोद थोडा अन्यायकारक आहे. पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये दोष बहुतेकदा यंत्रात नसतो, गंजलेल्या जोडात आणि मातीला, म्हणजे बॉडीला, नीट न टेकलेल्या अर्थिंगच्या टोकात असतो. नवा दिवा आणण्यापूर्वी काच-कागदाने ते टोक घासून पाहावे.

२२/
१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचे केंद्रीय नियम लागू झाले. एमजीबीच्या बहुसंख्य गाड्या अमेरिकेला जात, त्यामुळे ॲबिंग्डनला बदलावे लागले. अमेरिकेसाठी जाड गादीचा डॅशबोर्ड आला. त्याला ‘ॲबिंग्डनची उशी’ असे नाव पडले. दुहेरी ब्रेक-यंत्रणा आली. काचेवर दोनाऐवजी तीन वायपर आले, कारण काचेचा किती भाग पुसला गेला पाहिजे हे नियमाने ठरवले होते आणि एमजीबीची काच रुंद पण बुटकी होती.

२३/
सर्वांत वादग्रस्त बदल १९७४ च्या उत्तरार्धातला. धडक सोसण्याच्या आणि बंपरच्या उंचीच्या अमेरिकन नियमांसाठी चकाकता क्रोम बंपर गेला, त्या जागी काळा जाड रबरी बंपर आला आणि गाडी सुमारे दीड इंच उचलली गेली. वळणावर ती झुकू लागली. पुढे अँटी-रोल बार देऊन हे बरेच सुधारले. तरी बाजाराने क्षमा केली नाही. क्रोम बंपरची गाडी आजही महाग आणि रबरी बंपरची स्वस्त. नव्या मालकाने याचा लाभ घ्यावा, असे मला वाटते. स्वस्त रबरी बंपर आणि धडधाकट सिल ही जोडी महाग क्रोम आणि पोकळ सिल यांच्यापेक्षा केव्हाही बरी.

२४/
इथे मूळ कोड्याकडे परतू. १९६८ मध्ये एमजीची मालक कंपनी आणि लेलँड यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड बनली. लेलँडकडे आधीच ट्रायम्फ होती, म्हणजे एमजीची स्पर्धक आता एकाच घरात. नवे भांडवल ट्रायम्फकडे गेले. १९७५ ची टीआर ७ हे त्याचे फळ. मध्यभागी इंजिन असलेल्या नव्या एमजीचा आराखडा कागदावरच गुंडाळला गेला. एमजीबीला उत्तराधिकारी मिळालाच नाही.

२५/
परिणामी १९६२ ची रचना १९८० पर्यंत तशीच चालू राहिली. बंपर, डॅशबोर्ड, कार्ब्युरेटर बदलले. मूळ सांगाडा तोच. अठरा वर्षे, पाच लाखांहून अधिक गाड्या, आणि त्यांतील कितीतरी भाग एकमेकींना बसणारे. कंपनीच्या दृष्टीने हा उपेक्षेचा काळ होता. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगली स्थिती असू शकत नाही. दर चार वर्षांनी नवे मॉडेल आले असते तर प्रत्येकाचे साचे निराळे, मागणी विखुरलेली. ब्रिटिश लेलँडच्या कंजूषपणाने नकळत या गाडीचा विमा उतरवला, असे म्हणावे लागते.

२६/
बंदची घोषणा झाली तेव्हा कंपनीचे म्हणणे असे की पौंड वधारल्याने अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे शेकडो पौंडांचा तोटा होतो. हे गणित त्या वेळीही सर्वांना पटले नव्हते. त्याच महिन्यात एमजीच्या मालकांनी लंडनच्या रस्त्यांवर आपल्या गाड्यांचा मोर्चा काढला. निर्णय फिरला नाही. पण मोर्च्यामागची माणसे घरी गेली नाहीत. १९३० पासूनचा एमजी कार क्लब आणि १९७३ मध्ये स्थापन झालेला ओनर्स क्लब यांचे सदस्य एकमेकांना भाग, पत्ते आणि युक्त्या पुरवत राहिले.

२७/
एमजीबीच्या उघड्या गाडीचा पत्रा ॲबिंग्डनला नव्हे, स्विंडनच्या प्रेस कारखान्यात घडत असे. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने ते मूळ साचे शोधून काढले, ऑक्सफर्डशायरमधील फेअरिंग्डन येथे जुळणीची व्यवस्था उभारली आणि १९८८ मध्ये बंद पडलेल्या गाडीचा संपूर्ण नवा सांगाडा विक्रीला ठेवला. मूळ साचे, मूळ मापे, नवे पोलाद. कारखाना बंद होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

२८/
पुढचा प्रवास आणखी चमत्कारिक. हा सांगाडा उपलब्ध आहे हे पाहून रोव्हर समूहाने त्याच्याच आधारावर १९९२ मध्ये आरव्ही ८ ही नवी एमजी सादर केली. सुमारे दोन हजार बनल्या आणि बहुसंख्य जपानला गेल्या. सहसा आधी गाडी येते, मग तिचे सुटे भाग. इथे सुट्या भागातून गाडी जन्मली. मिजेट आणि ट्रायम्फ टीआर ६ यांचे सांगाडेही याच वाटेने पुढे आले.

२९/
आता देखभाल. गाडी घरी आली की पहिले काम ग्रीस गन आणणे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला प्रत्येक बाजूस तीन ग्रीस निपल असतात; दर तीन हजार मैलांना त्यांत ताजे ग्रीस भरायचे. या पुढच्या सस्पेन्शनचे मूळ ॲलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यात आहे. पुढे मिनी घडवणारे ते हेच. आजच्या मोटारींना ग्रीस लागत नाही, त्यामुळे नवे मालक हे काम विसरतात. मग किंगपिन कोरडी पडते, झिजते आणि स्टिअरिंग जड होते. दोषाचे नाव यंत्रावर येते, कारण सवयीत असते.

३०/
कार्ब्युरेटर एसयू जातीचे, दोन. एसयू म्हणजे स्किनर युनियन. जोड्यांच्या व्यापारात असलेल्या स्किनर घराण्यातील बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही रचना केली. आतला पिस्टन हवेच्या ओढीने वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमी-जास्त करते. पिस्टनवरच्या घुमटात थोडे पातळ तेल लागते. ते संपले की गाडी वेग घेताना अडखळते. दोन्ही कार्ब्युरेटर जुळवण्याची जुनी रीत म्हणजे रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरून सुसकाऱ्याचा सूर सारखा करणे. मापाचे यंत्र मिळते. पण कान शिकवावा. तो रस्त्यातही बरोबर असतो.

३१/
इंधनाचा प्रश्न निराळा. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा उपाय शोधला. इंजिनाचे ठोकणे थांबले. शिवाय शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवू लागला. एमजीबीचे इंजिन याच गृहीतकावर बनले. आरोग्याला होणारी हानी उमगल्यावर शिसे गेले : ब्रिटनमध्ये जानेवारी २००० पासून, आपल्याकडे देशभर फेब्रुवारी २००० पासून. तेव्हापासून जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हा उपाय. गाडी घेताना हे काम झाले आहे का, आणि त्याची पावती आहे का, हे विचारावे.

३२/
आता इथेनॉल. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दहा टक्के मिश्रण सर्वसाधारण झाले. भारत वीस टक्क्यांपर्यंत पोहोचला. साठ-सत्तरच्या दशकातील रबरी नळ्या आणि वॉशर यांना ते सोसत नाही. नळ्या मऊ पडतात, भेगाळतात. तापलेल्या एक्झॉस्टच्या वर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आग. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आधी बसवाव्यात, चकाकत्या तारांची चाके मागाहून घ्यावीत. इंजिन ऑइलचेही तसेच : आजच्या पातळ, कमी जस्ताच्या तेलापेक्षा जुन्या प्रकारचे २०-५० तेल या टॅपेटना मानवते.

३३/
कायद्यानेही या गाड्यांना हळूहळू निराळे स्थान दिले. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील मोटारींना वाहनकर माफ आहे आणि २०१८ पासून, फार बदल केलेले नसल्यास, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. ही सवलत नव्या ग्राहकासाठी दुधारी आहे. तपासणीचा ताजा कागद नसलेली गाडी त्याला स्वतःच्याच डोळ्यांनी पारखावी लागते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खासगी वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंद होते. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला मात्र अशी गाडी काढता येत नाही.

३४/
एक प्रश्न अजून सुटलेला नाही. नवा सांगाडा, नवी दारे, दुरुस्त इंजिन असे सारे झाल्यावर ती गाडी १९६५ ची की आजची? शौकिनांत यावर भांडणे होतात. कोरड्या कॅलिफोर्नियातून गंजविरहित गाड्या ब्रिटनला परत आणून त्यांचे स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेले गेले, काहींचा मूळ रंगही बदलला. विक्रेता हे सांगेलच असे नाही.

३५/
कागद मात्र सांगतो. ॲबिंग्डनच्या उत्पादन-नोंदी जपल्या गेल्या आहेत आणि गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या अभिलेखागारातून, शुल्क भरून, आपल्या गाडीचे प्रमाणपत्र मागवता येते. तयार झाल्याची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिन क्रमांक, स्टिअरिंगची बाजू, कोणत्या देशाला रवाना झाली, इतके त्यावर असते. पैसे मोजण्यापूर्वी ते मागवावे आणि इंजिनावरचा क्रमांक टॉर्च धरून स्वतः ताडून पाहावा.

३६/
आणि गाडी घेतलीच, तर पहिल्याच पावसाळ्याआधी दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी निथळण्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावीत. मग त्याच वाटेने आत पातळ मेण फवारावे, ते खालून ठिबकू लागेपर्यंत.